करडईचं तेल आणि मुगाचे दिवस

त्या पावसाळ्यात पिस्तुलाला करडईचं तेल मी लावलं होतं. धनसिंगनं नव्हे, काकांनी नव्हे, मी. आणि ते पिस्तूल ऐनवेळी गप्प बसलं तेव्हा ‘पिस्तुलात काही दोष नाही’ असंही मीच सांगितलं. एवढं लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. आता लिहून झालंच आहे, तर बाकीचं सावकाश सांगतो.

मुगाची तोडणी सुरू झाली की आमच्या अंगणात शेंगांचा काळा थर पसरतो. सकाळी त्या दमट, मऊ असतात. दुपारी ढग जरा बाजूला सरले, ऊन अंगणभर पडलं, की एखादी शेंग तडकते. खट्. दाणे उडून भिंतीपाशी जातात, कोंबड्या धावतात, बायको त्यांना हाकलते. मग बराच वेळ काही नाही. वाटतं झालं आता. तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा, खट्.

इतकी वर्षं या दिवसांत मी दुपारचा घरी थांबत नसे. हळदीत पाणी साचलंय, बांध फुटलाय, काहीतरी कारण काढून शेताकडे जायचो. बायकोला वाटायचं, माणूस कामाला मोठा आहे. यंदा मात्र अंगणात बाज टाकून बसलो आहे आणि शेंगा माझ्याभोवती तडकताहेत. तिनं दोनदा विचारलं, आज शेतात काहून गेला न्हाई म्हणून. मी म्हटलं, बरं वाटतंय इथं. आणि खरंच बरं वाटतंय.

तो अठ्ठेचाळीस सालचा पावसाळा होता. वर्षभरापूर्वी देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान, अलीकडे रझाकार. डोंगरकड्याच्या आमच्या भागातून माणसं लेकराबाळांसह नदी ओलांडून गेली होती. पलीकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमच्या तरुण पोरांचा कॅम्प होता. सरकीचा कुबट वास, ओल्या बाभळीचा डोळ्यांत जाणारा धूर, भाकरी आणि ठेचा, आणि न वाळणारे कपडे. त्या ओलीत लोखंडाला एका रात्रीत गंज चढायचा. तव्यालासुद्धा.

कॅम्पाचे प्रमुख पूर्वी शाळामास्तर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडे एका जुन्या धोतरात गुंडाळलेलं पिस्तूल होतं. कुठून आलं ते विचारायचं नाही असा दंडक होता. मी घरी आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं, एवढ्या भांडवलावर ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

पिस्तूल समजायला अवघड नव्हतं. मुठीत एक लांबट पत्र्याची डबी बसायची, तिला मॅगझिन म्हणत. डबीच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर छोटा पाट, पाटावर काडतुसांची चळत. पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढून सोडला की तो पुढं जाताना डबीतलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलून नळीत घालायचा. मग चाप ओढला की घोडा पडायचा, आतली सुई काडतुसाच्या बुडावर आपटायची आणि गोळी सुटायची. सगळी मदार त्या स्प्रिंगवर. तिनं चळत वर रेटून धरली पाहिजे.

काडतुसं मोजकीच होती, त्यामुळे सराव कोरडा चालायचा. डबी काढून ठेवायची, रिकामं पिस्तूल दोनदा तपासायचं, नळीच्या टोकावर तुरीच्या डाळीची एक पाकळी ठेवायची आणि भिंतीवरच्या खुणेवर नजर रोखून चाप ओढायचा. खट् आवाज झाला पाहिजे आणि डाळ पडली नाही पाहिजे. माझी नेहमी पडायची. बहुतेकांची पडायची. धनसिंगची कधी पडली नाही.

धनसिंग आमच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलखा-मुलखांतून फिरलेले. याच्या वाट्याला डोंगराच्या कडेची माळाची जमीन आली होती. उंच, कमी बोलणारा, आणि हात असा की भरलेला तांब्या घेऊन पळाला तरी थेंब सांडणार नाही. डाळ शिल्लक राहिली की तो ती उचलून तोंडात टाकायचा. म्हणायचा, “माणिक, तुझी डाळ रोज खाली पडून राहिली. कोंबड्यावाले तुला दुवा देतील.” वय सारखं होतं आमचं. अरे-तुरे होतं.

त्या कोरड्या खट् आवाजाची आम्हाला सवय झाली होती. तो झाला की सगळं बराबर आहे असं समजायचं. पिस्तुलाची तब्येत त्या आवाजावरून ओळखायची. डबी तर सरावात नसायचीच. तिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार?

आषाढात काकांनी मला सांगितलं होतं, बाजारात शिंप्याकडून मशीनचं तेल आण, पिस्तुलाला तेच लागतं. मी बाजारात गेलो, गरम भजी खाल्ली, एका ओळखीच्या कुटुंबाची विचारपूस केली आणि परत आलो. तेल आठवलं ते कॅम्पाच्या दारात. परत कोण जाणार चिखलातून? घरी पावसाळा लागला की माझे वडील विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ करडईच्या तेलानं पुसून ठेवायचे. तेल वाळायचं, वर पातळ कातडीसारखा थर धरायचा आणि गंज लागायचा नाही. विळ्याला चालतं ते पिस्तुलाला का चालू नये? स्वयंपाकाच्या बुधल्यातलं तेल घेऊन मी पिस्तूल पुसलं, आणि डबीत जरा जास्तच सोडलं, कारण तिथं चिंधी पोचत नव्हती. काकांनी विचारलं, आणलं का तेल? मी म्हणालो, लावलं. पुढं दर चार-आठ दिवसांनी तेच करत राहिलो. एकदा खोटं बोललं की पुढं नुसतं गप्प राहिलं तरी पुरतं.

विळ्याला स्प्रिंग नसते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पोळ्याच्या आधी, मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या तेव्हा, काकांनी नदीअलीकडच्या करोडगिरी नाक्यावर जायचं ठरवलं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. नाक्यावर दोन बंदुका होत्या, त्या हव्या होत्या. भर दिवसा, बैलांचे व्यापारी म्हणून जायचं. बैल कसे हाकायचे, दर कसा बोलायचा हे धनसिंगला शिकवावं लागणार नव्हतं, म्हणून पिस्तूल त्याच्या घोंगडीखाली दिलं. नळीत काडतूस घालून चालायचं नाही, गरज पडली तरच वरचा भाग ओढायचा, असा काकांचा नियम होता.

डबीत काडतुसं मी भरली. एरवी अंगठा काढला की काडतूस वर उसळायचं, बोटाला लागायचं. त्या सकाळी उसळलं नाही. खाली गेलं तिथंच राहिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, तेलानं काम केलं.

नाक्यावर सगळं नीट चाललं होतं. एक जवान आत होता, त्याला आमच्या पोरांनी धरलं. दुसरा ओढ्यावर गेला होता, तो बंदूक घेऊन मागच्या बाजूनं आला आणि समोर काका होते. धनसिंग मध्ये आला. त्यानं पिस्तूल रोखलं. पुढचं आमच्यापैकी कुणी नीट पाहिलं नाही. आम्ही आतल्या झटापटीत होतो, ओढा आवाज करत होता. पाहिलं ते एवढंच, की त्या जवानानं धनसिंगच्या कडेनं बंदुकीचा दस्ता फिरवून काकांच्या खांद्यावर घाव घातला, आणि धनसिंग पिस्तूल टाकून त्याच्या अंगावर झेपावला. दोघं चिखलात लोळले. मग जवान सुटून उभ्या ज्वारीत पळाला. आम्ही पिस्तूल उचललं, काकांना उचललं आणि बंदुका न घेताच नदीकडे निघालो.

शेडमध्ये परतल्यावर काकांनी खांद्याला फडकं बांधलेल्या अवस्थेतच डबी काढून पाहिली. काडतुसं जेवढी घातली होती तेवढी होती. एकाच्याही बुडावर सुईचा टोचा पडलेला नव्हता. चाप ओढला असता तर काडतुसावर खूण दिसली असती, असं त्यांचं म्हणणं. धनसिंग म्हणाला, “वढला काका. दोनदा वढला. खट् झालं. खट् एवढंच झालं.”

“मग टोचा कुठाय?”

 कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, हातात पिस्तूल असून कुस्ती काहून खेळून राहिला होता? दोघं-चौघं हसले. तांड्याचा माणूस, बैलच हाकावे यानं, असंही कुणी बोललं. काकांनी त्यांना गप्प केलं आणि पिस्तूल माझ्याकडे दिलं. म्हणाले, याच्यात काही बिघाड आहे का ते पाहून सांग. तू सांगशील ते मी मानीन.

मी शेडमागच्या गोठ्यात गेलो. आधी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला. खट्. म्हणजे घोडा पडतोय, सुई चालतेय. मग विचार केला. दुसऱ्यांदा चाप ओढण्याआधी वरचा भाग पुन्हा ओढावाच लागतो, आणि नळीत काडतूस असतं, तर त्या वेळी ते बाहेर उडून पडलं असतं. पडलं नाही. म्हणजे नळीत काही गेलंच नव्हतं. सुई रिकाम्या जागी आपटली. टोचा पडणार कशावर? तेव्हाच मला कळलं होतं, डबी उघडायच्या आधी.

डबीचं बूड सरकवलं. स्प्रिंग टुणकन बाहेर यायला हवी होती. आली नाही. बोट घातलं तर आत पिवळा चिकटा. तेलाच्या बुधल्याच्या तोंडाशी जमतो तसा. पाट त्यात रुतला होता, काडतुसं खालीच राहिली होती, आणि वरचा भाग त्यांच्या डोक्यावरून नुसता निघून गेला होता. मी कंदिलातलं रॉकेल काढलं, सगळं धुतलं, नखानं खरवडलं. स्प्रिंग अशी उसळली की सरकीच्या ढिगात गेली. ती चाचपडत शोधून काढली. मग सगळं जोडून, कोरडं करून आत आलो. सगळ्यांसमोर वरचा भाग ओढला. काडतूस अलगद नळीत गेलं.

मी म्हणालो, “पिस्तुलात काही दोष नाही.”

त्या क्षणी ते खरं होतं. आजवर बोललेल्या सगळ्या खोट्यांत हेच मला जास्त बोचतं, कारण ते खरं करून मग मी बोललो होतो. काकांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तेल आणलं नाही हे सांगितलं असतं तर कॅम्पातून हाकलला गेलो असतो, कदाचित फितूरही ठरलो असतो. एवढंच कारण. दुसरं मोठं काही नव्हतं.

धनसिंगनं मला विचारलं, “खरंच ठीक हाय?” मी म्हटलं, व्हय. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. त्यानं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्याच्या हातात पुन्हा हत्यार दिलं नाही. तो पाणी भरू लागला. आणि त्याला नाव धुऊन काढायची संधी मिळायच्या आत सगळं संपलंच. हिंदुस्थानची फौज आली, हैदराबाद शरण गेल्याची बातमी आली. पैनगंगेचा उतार माणसांनी भरून गेला. बायका नदीत उभ्या राहून हसत होत्या. आम्ही परत आलो तेव्हा शेतात कुणी मूग तोडला नव्हता. शेंगा उभ्या झाडावर तडकून दाणे मातीत सांडले होते. वर्षाचं पीक गेलं होतं आणि तरी कुणी रडत नव्हतं. दाराच्या कड्या काढताना लोक मोठ्यानं बोलत होते, नुसतं मोठ्यानं बोलता येतं म्हणून. मी घराच्या ओट्यावर बसलो होतो. त्या सुटकेत मला माझा वाटा घेता आला नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी कॅम्पात होतो म्हणून गावानं मला मान दिला. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी माझी निघू लागली. तांड्याचे बैलही आमच्याच वेशीत येतात. धनसिंगची जोडी आली की गर्दीतून कुणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचं. खट्. पुढं पुढं ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता तेही काढू लागले. कशासाठी ते त्यांना धड ठाऊक नव्हतं. बाजारातही तेच. तो मान वर करायचा नाही. मला मात्र भेटला की थांबायचा, विचारपूस करायचा. फक्त आता ‘माणिकराव’ म्हणायचा, ‘तुमी’ म्हणायचा. काका वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत तो मागं, अगदी मागं चालत होता.

या वर्षी, मूग तोडणीला येत होता तेव्हा, वारंगा फाट्यावर माझ्या सायकलचं चाक बसलं. रस्त्याकडेला पंक्चर काढणारा एक म्हातारा होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता त्यानं गाव विचारलं, मी सांगितलं. कॅम्पाची गोष्ट निघाली. तो हसला. म्हणाला, तुम्ही त्या बाजूला, मी नाक्यावर. मग मान वळवून कान दाखवला. वरची पाळ अर्धी नव्हती. “तुमारे आदमी के दाँतां हैं ये.”

 तो ट्यूब घासत राहिला. म्हणाला, “दो बार चाप खींचा उसने. मैं नळी में देख रहा था. आँख नई झपकी उसकी. खुदा की मेहरबानी, गोळी नई निकली.” मग शेजारच्या टपरीवर चहा देणाऱ्या मुलीकडे बोट करून म्हणाला, ही नात माझी.

त्यानं पैसे घेतले नाहीत. जुनी ओळख निघाली म्हणे. मी सायकल हातात धरून फाट्यापासून चालतच निघालो. तो माणूस जिवंत होता, त्याला नात होती, ती कपात चहा ओतत होती, आणि हे सगळं माझ्या बुधल्यातल्या तेलामुळे.  माझ्या चुकीनं एक माणूस वाचला, याचं मला सुख वाटलं, आणि लगेच लाजही. कारण वाचलेल्या माणसानंच साक्ष दिली होती. ज्याच्यावर पिस्तूल रोखलं होतं त्यानं धनसिंगला धीट म्हटलं, आणि जे त्याच्या बाजूचे होते त्यांनी भेकड. त्या दोघांच्या मध्ये मी उभा होतो, धुतलेली डबी हातात घेऊन.

घरी न जाता मी सरळ धनसिंगच्या शेतात गेलो. तो ओंजळीनं मूग तोडून कमरेच्या ओच्यात टाकत होता. मी सगळं सांगितलं: भजी, तेल, चिकटा, रॉकेल. तो तोडत राहिला. सरी संपली तेव्हा थांबला.

“टोचा न्हवता,” तो म्हणाला. “म्हणून मीच मानलं, का वढलाच नसंल. मला याद हाय वढल्याची, पण वाटलं, भेव आलं का मन असंच खोटं सांगत असंल. पोराला मी गलोल सुद्धा धरू दिली न्हाई. म्हटलं, आपल्या रक्तातच हात कच्चा हाय.”

मी त्याच्या पायांकडे वाकलो. त्यानं खांदा धरून उभं केलं. जोरात धरला, दुखेल असा.

“हे इथं मुगाला सांगून काय व्हतं, माणिकराव? वेशीत सांगा.”

मग काही दिवस मी जेवलो, झोपलो, बैलांची शिंगं रंगवली, झुली काढून उन्हात घातल्या, आणि मनात सतत एकच, की आजारी पडावं. पडलो नाही. पोळ्याच्या दुपारी वेशीत वाजंत्री लागली, तोरण बांधलं गेलं.

तो पोळा परवा झाला. काल धनसिंग इकडून जाताना अंगणात डोकावला. शेंगा तडकत होत्या. त्यानं एक उचलून दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, “माणिक, मूग ओला हाय अजून तुझा, घाई करू नको भरायची.” तो गेल्यावर मी बराच वेळ तो ‘तुझा’ मनात ऐकत बसलो. बायकोला वाटलं, मला ऊन लागलं.

वेशीतलं तेवढं सांगायचं राहिलं. माझी जोडी तोरणासमोर आली तेव्हा मी कासरे ओढून ती बाजूला घेतली. लोकांना वाटलं बैल बुजला. मी मागं जाऊन धनसिंगच्या बैलांचा कासरा धरला आणि ती जोडी पुढं आणली. गर्दीत सवयीनं कुणीतरी आवाज काढला, खट्. मी वाजंत्रीवाल्यांना हात केला. ते थांबले. माझा आवाज फार मोठा नाही, पण वेशीत तेव्हा बैलांच्या घुंगरांशिवाय काही वाजत नव्हतं. मी म्हणालो:

“हा आवाज माझा हाय. पिस्तुलाच्या डबीत मी खायचं तेल घातलं व्हतं, त्यानं काडतूस वर आलं न्हाई. मी ते धुतलं, आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. धनसिंगनं चाप दोनदा वढला व्हता, आणि गोळी सुटली न्हाई तरी काकांच्या पुढून हालला न्हाई. भेकड मी व्हतो. धनसिंग, तुझं नाव इतकी वर्षं मी दाबून ठेवलं. ह्या वेशीत, सगळ्यांच्या समोर, मी तुझी माफी मागतो.”